हनवटी आत

चैत्रपुनवेला ठमाबाईची मान बघायला माजिवड्याहून माणसं खाली खाडीकडच्या पाड्यावर उतरायची. ऐकणाऱ्याला वाटेल, बाईच्या मानेत बघण्यासारखं असतं तरी काय? तर त्यानं ती बघितलेली नाही, एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं.

त्या दिवशी गावदेवीची जत्रा असे. पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्याचा कळस, त्यावर आंब्याची पानं, वर नारळ. खाडीच्या धक्क्यावर गुरव तो बाईच्या डोक्यावर चढवायचा आणि देवळाशी पोचल्यावर गुरवच उतरवायचा. मधल्या पाऊण मैलात बाईनं कळसाला हात लावायचा नाही. दोन्ही हात खाली, मोकळे, चारचौघांना दिसतील असे. बांधावरून चालायचं, आग्ऱ्याचा रस्ता ओलांडायचा, देवळाच्या तीन पायऱ्या चढायच्या. हा कळस ठमाबाईच्या घरात चार पिढ्या चालत आलेला. सासूकडून सुनेकडे. तिच्या सासूच्या सासूनं वाहिला तेव्हा ठाण्याला आगगाडी यायची होती. आता गाडी येऊन तीस वर्षं उलटली, इंजिनाला नारळ फोडणारी माणसं म्हातारी झाली, पण कळस काही त्या घरातून हलला नाही.

त्या घरात दुसरं होतंच काय म्हणा! कुडाच्या चार भिंती, एक मुलगा गणू, एक सून शकू, पाच कोंबड्या. जमिनीचा तुकडा नाही. नवरा सात वर्षांमागे पटकीनं गेला. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस ठमाबाई पाड्यावरच्या इतर बायकांसारखीच एक बाई होती. चैत्रपुनवेला मात्र पाटीलसुद्धा तिला वाट करून द्यायचा. त्या एका दिवसावर ती उरलेलं वर्ष ताठ काढायची.

चौदा वर्षं तिनं कळस वाहिला. पंधराव्या वर्षी, देवळाच्या शेवटच्या पायरीवर, कळस पुढे कलला. पाणी तिच्या खांद्यावर सांडलं आणि उजवा हात आपसूक वर गेला. कळसाला लागला नाही. कानापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पण गेला. पाड्यावरच्याच गंगुबाईनं तो बघितला आणि गंगुबाईनं एखादी गोष्ट बघितली की ती दिवे लागायच्या आत सगळ्या पाड्यानं बघितलेली असे.

झालं काय होतं, तर ठमाबाईची मान पुढे आली होती. पाठ ठीक, खांदे जरा गोल, आणि डोकं मात्र छातीच्या चार बोटं पुढे. जणू कुणी समोरून हाक मारली आहे आणि बाई ऐकायला वाकली आहे.

आणि ही मान वाकली कशानं, याबद्दल पाड्यावर कुणाचं दुमत नव्हतं. वीस वर्षं मिठागरात पाट्या वाहिल्या तिनं. ओल्या मिठाची पाटी डोक्यावर, बांधावरून रांगेनं जायचं आणि राशीवर रिकामी करायची. रांगेत सगळ्यांत पुढे ठमाबाई, मागे बाकीच्या. एवढं ओझं वाहिल्यावर मान वाकणार नाही तर काय होईल? हाडवैद्यही हेच बोलला. तेल चोळायला दिलं, मानेभोवती फडकं गुंडाळलं आणि सांगितलं, ओझं बंद. डोक्यावर पाण्याची घागरही घ्यायची नाही.

ठमाबाईनं सगळं ऐकलं. तशीही वर्षभर ती पाट्या वाहतच नव्हती. मिठागराच्या मालकानं तिची इतक्या वर्षांची चाकरी बघून तिला सुखाचं काम दिलं होतं. कोठाराच्या सावलीत बसायचं आणि दाभण-सुतळीनं गोण्यांची तोंडं शिवायची. पाड्यावरच्या बायका या कामावरून तिच्यावर जळत. उन्हात पाय भाजत नाहीत, खांद्यावरून खारं पाणी ओघळत नाही, बसल्या जागी दिवस निघतो. आता तर हाडवैद्याचा हुकूमच झाला, तेव्हा ती अधिकच निष्ठेनं बसू लागली. गोणीवर वाकायचं, दाभण घालायचं, ओढायचं, पुन्हा वाकायचं. आणि मान, एवढी विश्रांती मिळूनही, पुढे पुढेच येत चालली.

शिमग्याला होळी विझली आणि पंचांची बैठक बसली. पंढरी पाटील माणूस वाईट नव्हता. कळस पडला तर गावावर संकट येईल, हे भय त्याला खरोखरच होतं, आणि ते त्यानं आडपडदा न ठेवता बोलून दाखवलं.

"ठमे, यंदा कलस गंगूच्या घरात देऊ. तू लय केलंस. आता बस."

"बसलीच हाय मी दोन वर्सं, पाटील," ठमाबाई म्हणाली. "अजून कवरी बसू?"

"तुजा हात वर जेलता."

"लागला नाय."

"लागला नाय, पन जेलता," कोपऱ्यातून गंगुबाई म्हणाली. "मी माज्या डोल्यांनी बगितला."

ठमाबाईला वाटलं, धरणी दुभंगावी. खोटं असतं तर ती भांडली असती, आणि भांडणात तिला कुणी हरवलं नव्हतं. पण ते खरं होतं. शेवटी तिनंच अट घातली. यंदा एकदा मला नेऊ द्या. हात नुसता कोपरात वाकला तरी कळस माझ्या घरातून कायमचा गेला. माझ्याकडेही नको आणि माझ्या सुनेकडेही नको. पंचांनी एकमेकांकडे बघितलं आणि होकार दिला. पुनवेपासून पुनवेपर्यंत एक महिना तिच्या हाती आला.

घरी येताना शकू मागून चालत होती. सतरा वर्षांची पोर, लग्नाला दोन वर्षं झालेली, सासरच्या वळणाप्रमाणे नजर जमिनीवर. ती हळूच म्हणाली, "आये, माज्या वाटचा पन तू पनाला लावलास."

खरंच, ठमाबाई रागाच्या भरात सुनेचा वारसाही उधळून आली होती.

पुढचे आठ दिवस ती चोरून घागर डोक्यावर घेऊन बघत होती आणि चारदा तिनं घागर फोडली. नवव्या दिवशी संध्याकाळी गोण्या शिवून उठली, तेव्हा ऊन पाठीमागून तिरपं येत होतं आणि समोर मिठाची पांढरी रास उभी होती. त्या राशीवर एक सावली पडली होती. बाईची, एका बाजूनं. डोकं धडाच्या पुढे निघालेलं, मान लांबलेली, हनवटी बाहेर. ठमाबाई हसली. मनात म्हणाली, ही कोण गो बगळी? मग तिनं हात हलवला, बगळीनंही हलवला, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

त्याच वेळी रांगेतल्या बायका पाट्या घेऊन बाजूनं चालल्या होत्या. त्यांच्याही सावल्या राशीवरून सरकत होत्या. एक, दोन, तीन, चार. ठमाबाई बघतच राहिली. पाट्या वाहणाऱ्यांतली एकही बगळी नव्हती. कान खांद्यावर, टाळू वर, हनवटी आत. पन्नाशीची गंगुबाईसुद्धा पाटीखाली बाणासारखी उभी. आणि बसून खाणारी तेवढी आपण एकटी वाकडी.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओझ्यानं मान वाकली नव्हती. ओझ्यानं ती वीस वर्षं उभी ठेवली होती. वाकवली ती या सुखाच्या कामानं आणि या मेल्या गोण्यांनी! तिनं मानेवरचं फडकं सोडलं आणि खाडीत भिरकावून दिलं. हाडवैद्याला दोन शिव्या दिल्या त्या वेगळ्याच.

दुसऱ्या दिवशी ती मिठाच्या दगडी कोठाराच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टाचा भिंतीला, ढुंगण भिंतीला, पाठ भिंतीला. डोकं मात्र टेकेना. मधे हाताची चार बोटं जात. तिनं जोर करून डोकं मागे टाकलं. टेकलं खरं, पण हनवटी वर झाली आणि डोळ्यांपुढे घारी फिरू लागल्या. आभाळाकडे बघत कुणी कळस नेत नाही. तिनं हनवटी खाली दाबली, तर पायाची बोटं दिसली. तेही चुकलं. दोन दिवस ती कधी आभाळ बघत होती, कधी पाय. तिसऱ्या दिवशी तिनं खाडीपलीकडच्या पारसिकच्या डोंगरावर नजर खिळवली आणि ती तिथून न हलवता हनवटी सरळ मागे ओढली, विटाळ झालेल्या बाईला बघून सोवळ्यातली बाई मागे सरते तशी. गळ्याला वळी पडली. मानेच्या मागे, कवटीच्या खाली, काहीतरी ताणलं गेलं. आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकली.

ती तशीच उभी राहिली. श्वास घेत राहिली. समोरून दहा पाट्या जाईपर्यंत थांबायचं असं तिनं ठरवलं. सहाव्या पाटीला मान थरथरू लागली, आठव्या पाटीला डोळ्यांत पाणी आलं. दहावी गंगुबाई होती.

"काय गो ठमे, भितीला ऊ मारतंस?"

रांग फिदीफिदी हसली. ठमाबाईनं हनवटी आतच ठेवली. बोललं की हनवटी बाहेर येते, हे तिला कळलं होतं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी दहा पाट्या, दुपारी दहा, संध्याकाळी दहा. मधल्या वेळात गोणी शिवताना ती मांडीखाली दुसरी गोणी घेऊन उंच बसू लागली आणि शिवायची गोणी छातीपाशी ओढू लागली. मुकादम कुरकुरला. तिनं त्याच्याकडे, हनवटी आत ठेवून, अशा नजरेनं बघितलं की तो पुढच्या कोठाराकडे निघून गेला. आठवड्याभरात भिंत आणि डोकं यांतली चार बोटं दोनावर आली. मग एकावर. मग भिंतीशिवायही हनवटी आपली आपण आत जाऊ लागली.

शकू हे सगळं तिरप्या डोळ्यांनी बघत होती. ती रांगेत शेवटची असायची. एके दिवशी पाटी रिकामी करून ती भिंतीपाशी आली.

"मी पन उबी राऊ क, आये?"

"रा."

शकूनं टाचा टेकवल्या, पाठ टेकवली, डोकंही टेकलं. कोवळी मान, तिला कसला त्रास? पण नजर पायाशीच. ठमाबाईनं तिच्या हनवटीला बोट लावून तोंड वर केलं. पोरीनं डोळे मिटून घेतले.

"डोले उघड. समोर बग."

"समोर तू हायस, आये. सासूच्या तोंडाकरं कशी बगू?"

ठमाबाईला आठवलं, तिनंही आपल्या सासूचा चेहरा नीट बघितला तो सासू गेल्यावरच. चार पिढ्या या घरानं सुनांना नजर जमिनीवर ठेवायला शिकवलं आणि वर्षातून एक दिवस मात्र त्यांच्याकडून ताठ मान मागितली. असं कसं चालेल?

"माज्याकरं बगलीस तरच देवीकरं बगशील," ती म्हणाली. "बग. मी काय खात नाय तुला."

शकूनं डोळे उघडले आणि सासूकडे बघितलं. पोरीचे डोळे पिंगट आहेत, हे ठमाबाईला दोन वर्षांनी त्या दिवशी कळलं. मग दोघी शेजारी शेजारी उभ्या राहू लागल्या. सून मान वर करून चालायला लागली म्हणून पाड्यावर कुजबुज झाली. ती गणूच्या कानावर आली, त्यानं घरी आणली, आणि आईनं त्याच्याकडे नुसतं बघितल्यावर तो ती तशीच बाहेर घेऊन गेला.

चैत्रपुनव उजाडली. धक्क्यावर ही गर्दी! सनई, ढोलकी, माजिवड्याची माणसं, बाळकुमाची माणसं. कळस पडतो की राहतो हे बघायला आलेलीही पुष्कळ. ठमाबाई खाडीत न्हाऊन, नऊवारीचा काष्टा आवळून उभी राहिली. गुरवानं डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर कळस. तिनं हनवटी आत घेतली. कळसाचं वजन मानेतून सरळ पाठीत, पाठीतून टाचांत उतरलं, आणि तिला ओळखीचं काही भेटल्यासारखं वाटलं. दोन वर्षं आपण याच्यावाचून कशा जगलो!

गंगुबाई तिच्या उजव्या हाताच्या बाजूनं चालू लागली. नजर त्या हातावरून तिनं एकदाही काढली नाही.

निम्म्या बांधापर्यंत सगळं सुरळीत झालं. समोर येऊरचा डोंगर, नजर त्याच्यावर. पाय बांध ओळखत होते. आणि मग डाव्या पायाखालची माती खचली. खेकड्यानं बांध आतून पोखरला होता. पाय घोट्यापर्यंत आत गेला, कळस डावीकडे कलला, पानांवरून पाण्याची धार तिच्या कानामागे उतरली. सनईवाल्याचा सूर तुटला.

पायाकडे बघावंसं तिला वाटलं नाही असं नाही. फार वाटलं. उजव्या हाताची बोटंसुद्धा वळली. पण तिनं फक्त एक केलं. इतके दिवस रोज तीसतीस पाट्या जाईतो जे केलं होतं, तेच. डोंगरावरची नजर न हलवता हनवटी मागे ओढली, टाळू वर ताणली, आणि तशीच उभी राहिली. कळस डुलला, पुन्हा डुलला, मग चुंबळीत बसला. तिनं हळूच पाय उपसला आणि पुढे टाकला. हात मांडीला लागून खालीच होता.

आग्ऱ्याच्या रस्त्यावर बैलगाड्या थांबलेल्या होत्या. त्यांच्या मधून ती गेली. देवळाच्या पायऱ्या आल्या. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरीवर ती अंमळ थांबली. थांबायची काही गरज नव्हती. पण थांबली. बघा म्हणावं!

ढोलकी दणाणली, पाटलानं फेटा काढून देवीला हात जोडले. गुरव कळस उतरवायला पुढे झाला. त्यानंतर कळस पुन्हा चढवून त्याच बाईनं देवळाला तीन फेरे घालायचे आणि मग तो आत न्यायचा, अशी रीत होती.

"उतरव," ठमाबाई म्हणाली. "पन परत माज्या डोक्यावर नको चढवू. शकूच्या चढव."

ढोलकी थांबली. पंढरी पाटील पुढे आला. "ठमे, काय बोलतंस? पोर हाय ती. कलस परला तर?"

"अट माज्या हाताची व्हती, पाटील. ती झाली. आता कलस माज्या घरात हाय आनी ती माज्या घरात हाय."

पाटलानं पंचांकडे बघितलं. पंचांनी एकमेकांकडे बघितलं. गुरव हात वर करून तसाच उभा. तेवढ्यात गंगुबाई गर्दीतून बाहेर आली.

"कुनाला काय बगायचाय? वरीसभर मी या बाईच्या हातावर बोललीय. आज मी बांधापासून हात बगतंय. नाय हालला. नखभर नाय हालला." ती गुरवाकडे वळली. "चढव रं पोरीच्या डोक्यावर! पोर कितीक दिस त्या भितीला उबी व्हती, आमी हसत व्हतो तवा."

गुरवानं कळस उतरवून शकूच्या डोक्यावर ठेवला. समोर पाड्यावरचे सगळे वडीलधारे, चुलत सासरे, दीर ओळीनं उभे. एवढ्या पुरुषांपुढे तिनं आजवर नजर उचलली नव्हती. तिनं ओठ मिटले. हनवटी आत घेतली. डोळे समोर केले आणि चालू लागली.

पहिल्या फेऱ्यात तिचा पदर थरथरत होता. दुसऱ्यात थरथर थांबली. तिसऱ्या फेऱ्यात ती अशी चालली की सनईवाला तिच्या पावलांवर वाजवू लागला. वडीलधारी माणसं बाजूला झाली आणि तिला वाट मिळाली.

ठमाबाई पायरीवर उभी राहून बघत होती. पंधरा वर्षं लोक काय बघायला येतात, हे तिला कधी दिसलंच नव्हतं. कळसाखाली ती स्वतः असायची, आणि त्याआधी सासूमागे नजर जमिनीवर, बघणार कुठून? आज पहिल्यांदाच तिला दिसलं. हे असं दिसतं होय! एवढीशी बाई, डोक्यावर भरलेलं पाणी, हात मोकळे, आणि सगळं गाव तिच्या चालीवर थांबलेलं. माझी सासू अशी दिसत होती. तिची सासूही अशीच. आणि मीसुद्धा!

तिचे डोळे भरून आले. गंगुबाई शेजारी उभी होती. तिनं आपला पदर पुढे केला. ठमाबाईनं तो घेतला नाही. पुसायला मान खाली घालावी लागली असती, म्हणून तिनं पाणी तसंच गालांवरून वाहू दिलं आणि सून देवळात शिरेपर्यंत समोर बघत राहिली.